बारावीनंतरची वाट : मोरजीच्या मातापित्यांशी चार शब्द

मृगाचा पाऊस मोरजीच्या किनाऱ्यावर कोसळू लागला, शॅकची शेवटची झापे उतरून झाली, होड्या वाळूवर वर ओढून घेतल्या गेल्या, की आमच्या गावात दोन गोष्टी एकदमच घडतात. हातातला पैसा आटतो, आणि मुलांच्या कॉलेजची फी भरण्याची तारीख जवळ येते. ज्या घरात बारावी झालेले मूल आहे, त्या घरात त्या दिवसांत दिवा उशिरापर्यंत जळतो, हे आम्ही पुष्कळ वर्षे पाहत आलो आहोत.

काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी रापणीवर जाणारे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आमच्या दारी आले. मुलीने बारावीच्या परीक्षेत उत्तम गुण मिळविले होते. छत्रीखाली जपून आणलेल्या पिशवीतून त्यांनी एकेक कागद काढून टेबलावर मांडला आणि म्हणाले, "बघा तरी, ह्यात काय कमी आहे?" पाहतो तो उत्पन्नाचा दाखला नव्हता. आधारपत्रावरचे आडनाव शाळेच्या दाखल्यावरील आडनावाशी एका अक्षराने जुळत नव्हते. बँकेतले खाते आईच्या नावाचे होते, मुलीचे स्वतःचे असे नव्हतेच. पदवीच्या वर्गात तिला जागा मिळाली. परंतु ते एक अक्षर दुरुस्त करता करता चतुर्थी गेली, दिवाळी आली आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत टळली. वर्षाची फी भरण्यासाठी आईच्या कानांतल्या कुड्या गहाण पडल्या.

मुलीच्या गुणांत काही उणे नव्हते, मातापित्यांच्या मायेतही नव्हते. उणे होते ते एवढेच, की जे काम मागच्या डिसेंबरातच उरकावयाचे ते जूनमध्ये हाती घेतले गेले. आज आम्ही जे लिहिणार आहोत ते या एका गोष्टीविषयी. ज्यांची मुले यंदा अकरावी-बारावीत आहेत त्यांनी हा लेख मुलांना जवळ बसवून वाचावा, अशी आमची विनंती आहे.

दार उघडे आहे

आमच्या आजोबांच्या काळी असा लेख लिहिण्याचे कारणच नव्हते. पणजीत १८४२ सालापासून वैद्यकीय विद्यालय होते, १८५४ पासून लिसेंव होते. तथापि कला, विज्ञान वा वाणिज्य यांची पदवी घ्यावयाची तर १९६१ पूर्वी गोव्यात त्यासाठी कॉलेज नव्हते. ज्याची ऐपत असे तो मुंबई, पुणे, धारवाड किंवा बेळगाव गाठी. मुंबईस जाणारा पुष्कळदा आपल्या गावच्या कुडात पथारी टाकी आणि खलाशांच्या ट्रंकांमध्ये बसून अभ्यास करी. ज्याची ऐपत नसे त्याचे शिक्षण गावातच संपे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि चित्र पालटले. १९६२ मध्ये पणजीस धेंपे आणि मडगावास चौगुले ही कॉलेजे निघाली. १९६३ मध्ये म्हापशास सेंट झेवियर्स कॉलेज सुरू झाले. आमच्याच पेडण्यात जन्मलेले दयानंद बांदोडकर त्याच वर्षी डिसेंबरात मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, आणि ज्यांच्या घरी पूर्वी पाटी आली नव्हती त्यांची मुले अक्षरे गिरवू लागली. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन झाले. आज तर पेडणे तालुक्यातच, विर्नोड्यास, संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचे सरकारी कॉलेज आहे. मोरजीची मुलगी सकाळी घरून निघून संध्याकाळी घरी परतू शकते.

दार उघडे आहे खरे; पण आत जाताना हाती कागद लागतो, तारीख पाळावी लागते आणि पदरी थोडा पैसा असावा लागतो. शिकलेल्या घरातील मुलाला हे सारे जेवणाच्या टेबलावर आपोआप कळते. ज्या घरातून कॉलेजात जाणारे हे पहिलेच मूल, तेथे ते कोणी सांगावयाचे? हे काम शाळेचे आहे, शेजाऱ्यांचे आहे, आणि आमच्या धर्मग्रामाचेही आहे.

दुसरी एक ओढ आहे, तीही लपवून चालणार नाही. ऑक्टोबर उजाडला की किनाऱ्यावर कामाला माणसे हवी असतात. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला आहे, तेथेही तरुणांना बोलावणे येते. बोटीवर जाण्याची वाट तर आमच्या घराण्यांना जुनीच. अठराव्या वर्षी महिन्याचा पगार हाती आला तर कोणाला नको? या कामांना आम्ही हलके म्हणत नाही, त्यांच्यावरच आमची घरे उभी आहेत. मात्र ज्या मुलाला शिकण्याची बुद्धी आणि इच्छा आहे, तो केवळ फीच्या किंवा दाखल्याच्या भीतीने शॅकवर गेला, तर ती निवड त्याची नव्हे. निदान निवड त्याची असावी, एवढेच आमचे म्हणणे.

आधी वाट ठरवावी

अर्ज भरण्यापूर्वी कोठे जावयाचे हे ठरले पाहिजे. साधी पदवी घ्यावयाची तर म्हापसा, आसगाव, विर्नोडा येथील कॉलेजे आम्हाला जवळची. २०२३-२४ या वर्षापासून गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांचा अभ्यासक्रम आला आहे. तीन वर्षे पूर्ण करून पदवी घेता येते, चौथे वर्ष केल्यास ऑनर्सची पदवी मिळते. खर्चाचा हिशेब करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

डॉक्टर किंवा दंतवैद्य व्हावयाचे तर 'नीट' परीक्षा अटळ आहे. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा मार्ग तिच्यातूनच जातो. एनआयटीसारख्या संस्थांत अभियांत्रिकी शिकावयाची तर 'जेईई मेन' द्यावी लागते, आणि ती वर्षातून दोनदा, जानेवारीत व एप्रिलमध्ये होते. जानेवारीच्या परीक्षेचा अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीस भरावयाचा असतो; नाताळच्या गडबडीत तो विसरला गेल्याची उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत. राज्यातील अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्र यांचे प्रवेश पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडून होतात. त्यांची माहितीपुस्तिका दरवर्षी नवी निघते, आणि नियम तिच्यातलेच पाळावयाचे, शेजाऱ्याच्या मुलाच्या वेळचे नव्हेत. देशातील केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून 'सीयूईटी' नावाची एकच परीक्षा आहे. हाताचे कसब ज्याला आवडते त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचाही विचार करावा. उत्तम वीजतंत्री हा अर्धवट शिकलेल्या पदवीधराहून केव्हाही सरस.

आम्ही एक साधी रीत सुचवितो. एका कागदावर तीन नावे लिहावीत: एक उंच उडीचे, एक आवाक्यातले आणि एक खात्रीचे. प्रत्येकापुढे परीक्षा, अर्जाची तारीख आणि वर्षाचा खर्च लिहावा. हा कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावा, म्हणजे आईच्याही नजरेखाली राहील.

एका अक्षराची किंमत

आता कागदांविषयी. जन्माचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधारपत्र, निवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तेथे जातीचा दाखला, इतके कागद बहुतेक ठिकाणी मागतात. निवासाचा व उत्पन्नाचा दाखला पेडण्यास मामलेदार कार्यालयातून मिळतो. ज्यांची मिळकत हंगामी, म्हणजे रापण, शॅक, भाड्याची खोली, काजू यांवर, त्यांनी वर्षभराची जमा अंदाजाने नव्हे तर प्रामाणिकपणे मांडून ठेवावी. खोटा कमी आकडा लिहून मिळविलेली मदत पुढे अंगाशी येते, आणि दुसऱ्या एखाद्या गरिबाचा घास जातो तो वेगळाच.

आमच्या ख्रिस्ती घरांत एक अडचण विशेष आढळते, ती नावांची. बाप्तिस्म्याच्या नोंदीत पोर्तुगीज वळणाचे लांब नाव, जन्मनोंदणीत दुसरे, शाळेत बाईंनी ऐकून लिहिलेले तिसरे आणि आधारपत्रावर संगणकवाल्याने टंकलेले चौथे! सोझा हे आडनाव घ्या. इंग्रजीत कोणी ते 'एस'ने लिहितो, कोणी 'झेड'ने. कोठे 'डी'नंतर वरचे टिंब, कोठे सुटा 'दी'. माणूस एकच, पण संगणकाला ती चार माणसे दिसतात. वडिलांचे नाव आईच्या कागदावर कसे आहे, तेही पाहावे. बाप्तिस्म्याचा दाखला चर्चच्या कामी उपयोगी, परंतु सरकारी अर्जात जन्मनोंदणीचाच दाखला चालतो, हेही लक्षात असू द्यावे. नावदुरुस्तीला आठवडे लागतात, कधी महिने. म्हणून अकरावीच्या उन्हाळ्यात सर्व कागद एका चटईवर मांडून नाव अक्षरश: ताडून पाहावे.

त्याच सुमारास मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या नावाने बँकेत खाते उघडून ते आधारशी जोडून घ्यावे. शिष्यवृत्तीची रक्कम आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते.

पैशाची सोय

केंद्र सरकारची कॉलेज विद्यार्थ्यांसाठी एक शिष्यवृत्ती आहे. बारावीच्या परीक्षेत जे विद्यार्थी ८० पर्सेंटाइलच्या वर आहेत आणि ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना तिच्यासाठी अर्ज करता येतो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के गुण नव्हेत. आपल्या शाखेत उत्तीर्ण झालेल्या दर १०० मुलांपैकी सुमारे ८० जण ज्याच्या मागे आहेत, तो विद्यार्थी. देशभर अशा ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या वर्षाला असतात, त्यांतील निम्म्या मुलींसाठी राखलेल्या. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरसाल १२,००० रुपये मिळतात. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर पदवीच्या पहिल्याच वर्षी करावयाचा, आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण करावयाचे. त्यासाठी ५० टक्के गुण व ७५ टक्के हजेरी हवी. जागा मोजक्या असल्याने पात्र ठरलेल्या प्रत्येकास ती मिळतेच असे नाही. तरी अर्ज न करणाऱ्याला ती कधीच मिळत नाही.

इतर मागासवर्गीय आणि अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी दहावीनंतरच्या शिष्यवृत्त्या राज्याच्या समाजकल्याण व आदिवासी कल्याण खात्यांकडून मिळतात. आपण ख्रिस्ती आहोत, तेव्हा हे आपल्यासाठी नव्हे, असे समजून पुष्कळ घरे तिकडे फिरकत नाहीत. हे बरोबर नाही. अनुसूचित जमातींच्या बाबतीत धर्माची अट नाही, आणि गोव्यातील गावडा, कुणबी व वेळीप यांचा त्या यादीत २००३ मध्ये समावेश झाला. खारवी, ख्रिस्ती रेंदेर यांसारखे समाज इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. ज्यांना हे लागू आहे त्यांनी संकोच न करता दाखला काढावा.

व्यावसायिक व तांत्रिक शिक्षणासाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जाची योजना आहे, आणि कमी मिळकतीच्या घरांतील मुलांना तंत्रशिक्षण संचालनालयाची 'बर्सरी' आहे. बँकांचे शैक्षणिक कर्जही आहेच. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारणाशिवाय हमी देणारी केंद्राची पतहमी योजना आहे; तेव्हा घर किंवा काजूची बाग गहाण टाकण्यापूर्वी बँकेत याची चौकशी अवश्य करावी. नामांकित संस्थांत प्रवेश मिळालेल्यांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'विद्यालक्ष्मी' योजना मंजूर केली. तीत तारणही लागत नाही, जामीनदारही लागत नाही. सामान्यत: शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, परंतु व्याज त्या काळातही वाढू शकते. कर्ज ते कर्जच. शिष्यवृत्ती परत करावयाची नसते, कर्ज परत करावयाचे असते, हा भेद मुलाला सहीच्या आधी समजावून सांगावा.

आपल्या धर्मग्रामाकडेही पाहावे. सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीचे नाव आपण सारे जाणतो. परंतु १८३३ मध्ये पॅरिसला ती स्थापन करणारे फ्रेडरिक ओझानाम त्या वेळी अवघे वीस वर्षांचे विद्यार्थी होते, हे थोड्यांना ठाऊक असेल. विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या संस्थेच्या दारी विद्यार्थ्याने मदतीसाठी जाण्यात लाज कसली? पुस्तके, बसचा पास, अर्जाची फी, अशा लहान गोष्टींवरच पुष्कळांचे गाडे अडते, आणि त्या भागविणे गावाच्या हातचे आहे.

सर्वांत शेवटी घरची बचत. हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि मेअखेर संपतो. या आठ महिन्यांत दरमहा १,५०० रुपये बँकेत किंवा पोस्टात बाजूला टाकले तर जूनमध्ये १२,००० रुपये हाती असतात. त्या पहिल्या पावसात कुड्या कानांतच राहतात.

एक इशाराही द्यावासा वाटतो. "हमखास जागा देतो", "शिष्यवृत्ती काढून देतो, आधी पाच हजार द्या", असे सांगणारे दलाल निकालानंतर गावोगाव फिरतात आणि फोनवरही गाठतात. सरकारी शिष्यवृत्तीच्या अर्जाला पैसे पडत नाहीत. फोनवर आलेला गुप्त अंक कोणालाही सांगू नये.

पासपोर्टविषयी दोन शब्द

आमच्या घरांत आणखी एक प्रश्न चर्चिला जातो, तो पोर्तुगीज पासपोर्टचा. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना तो मार्ग खुला आहे, आणि कोणी तो घ्यावा वा न घ्यावा हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु बारावीच्या उंबरठ्यावरील मुलासाठी ते करण्याआधी परिणाम जाणून घ्यावेत. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे नागरिकत्व जाते. त्यानंतर ओसीआय कार्ड मिळाले, तरी मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार नीट, जेईई यांसारख्या परीक्षांतून अशा विद्यार्थ्याला केवळ अनिवासी भारतीयांच्या किंवा जादा जागांवरच प्रवेश मागता येतो. भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागा त्याला मिळत नाहीत. अनिवासींच्या जागांची फी किती, ते आधी विचारून घ्यावे.

तिकडे इंग्लंडातही दिवस पालटले आहेत. पूर्वी पोर्तुगीज पासपोर्टवर तेथे स्थानिक विद्यार्थ्याइतकी फी पडे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर १ ऑगस्ट २०२१ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांना नव्याने जाणाऱ्या युरोपीय विद्यार्थ्यांना परदेशी विद्यार्थ्यांची फी भरावी लागते. आधीपासून तेथे राहून वास्तव्याचा हक्क मिळविलेल्यांची गोष्ट निराळी. काका-मामांनी दहा वर्षांपूर्वी सांगितलेल्या हिशेबावर आज विसंबून राहू नये.

सर्वांनी मिळून

हे सारे वाचून एखादी माऊली म्हणेल, "आम्हांला संगणक उघडता येत नाही, हे आमच्याने कसे व्हावे?" तिला आमचे उत्तर असे, की हे एकट्या घराने करावे असे आम्ही म्हणतच नाही. गावात कॉलेजात जाणारी मुले-मुली आहेत. त्यांनी ज्या वाटेने प्रवास केला ती वाट त्यांना माहीत आहे. नोव्हेंबरपासून रविवारच्या मिस्सानंतर तासभर चार तरुणांनी एक संगणक घेऊन बसावे, ज्याला अर्ज भरावयाचा त्याने कागद घेऊन यावे, आणि आलेल्याचा धर्म वा वाडा विचारू नये, अशी सूचना आम्ही करतो. निवृत्त शिक्षकांनी देखरेख करावी. याला खर्च नाही; रविवारचा एक तास तेवढा द्यावा लागेल.

वडिलांना एक खास सांगणे. मुलगी पहिली आली तरी "धाकट्याला शिकवू, हिचे लग्न करू" असा विचार अजूनही काही घरांत डोकावतो. ज्या शिष्यवृत्तीच्या निम्म्या जागा मुलींसाठी राखलेल्या आहेत, तिचा अर्जच घरात अडवून धरावा, हा कोठला न्याय? मुलांनाही सांगणे आहे. आईवडील राबून पैसा जमवतील, फादर शिफारसपत्र देतील, शिक्षक सही करतील; परंतु तारीख लक्षात ठेवणे हे तुमचे काम. ते दुसऱ्यावर टाकू नये.

आरंभी सांगितलेली मुलगी यथाकाल पदवीधर झाली. कुड्या सोडवून आणावयास दोन हंगाम लागले. तिच्या पाठचा भाऊ बारावीत गेला, त्या वर्षीच्या नोव्हेंबरातील एका संध्याकाळी तेच गृहस्थ पुन्हा आमच्या दारी आले. पाऊस नव्हता, किनाऱ्यावर दिवे लागले होते. हातात तीच पिशवी होती. कागद या वेळी तिच्या बहिणीनेच, म्हणजे त्या मुलीनेच, लावून दिले होते: वर उत्पन्नाचा दाखला, खाली जन्माचा, आणि प्रत्येकावर आडनाव एकाच अक्षराने लिहिलेले. आम्ही दोनदा तपासले. सांगण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून आम्ही चहा ठेवला.